ज्येष्ठांसाठीच्या सरकारी योजनांचे अर्ज भरून देणारे केंद्र : नाशिकमधील एका सेवेचे परीक्षण

नाशिकमध्ये सीबीएस (मध्यवर्ती बसस्थानक) ते शालीमार या पट्ट्यात दाखले काढून देणारी आणि अर्ज भरून देणारी अनेक छोटी केंद्रे आहेत. त्यांपैकी एकाने ज्येष्ठ नागरिकांच्या योजनांसाठी वेगळी पाटी लावली असून, जादा शुल्क घेऊन घरी येऊन कागदपत्रे तपासण्याची सोयही ते देते. वडिलांच्या आणि आत्याच्या कामासाठी आम्ही ही सेवा घेतली. काही उणिवाही सांगायच्या असल्याने केंद्राचे नाव येथे देत नाही. शिवाय पुढे लिहिलेले बरेचसे या प्रकारच्या कोणत्याही केंद्राला लागू पडेल. पाचपैकी साडेतीन गुण द्यावेत असे माझे मत आहे.

वडील अठ्ठ्याहत्तर वर्षांचे असून सातपूरच्या कारखान्यातून निवृत्त झालेले आहेत. पार्किन्सनच्या आजारामुळे त्यांना आता आधाराशिवाय उठता येत नाही. ब्युरोकडून बारा तासांसाठी ठेवलेल्या, शुश्रूषा करणाऱ्या मामांचे महिन्याला अठरा हजार रुपये, डायपर, फिजिओथेरपी आणि औषधे असा खर्च सुरू आहे, आणि तो कमी होण्याची शक्यता नाही. या खर्चाला सरकारकडून काही हातभार लागेल का, एवढाच आमचा प्रश्न होता. केंद्रचालकांनी आजाराची फाइल न उघडता आधी पेन्शन किती, भाडे येते का आणि रेशन कार्ड कोणत्या रंगाचे आहे हे विचारले, तेव्हा मला ते थोडे कोरडेपणाचे वाटले. मात्र त्यानंतर त्यांनी जे सांगितले ते ऐकण्यासाठीच या केंद्रात जावे, असे मी म्हणेन. घरी माणूस ठेवण्याच्या खर्चासाठी अर्ज करता येईल अशी कोणतीही योजना त्यांच्याकडे नाही, आणि ज्या योजना आहेत त्यांत वडिलांना काय बसेल व काय बसणार नाही, हे त्यांनी कोणताही अर्ज पुढे करण्याआधी स्पष्ट केले. नामंजूर होणारा अर्ज भरूनही शुल्क मिळतेच, त्यामुळे हा प्रामाणिकपणा व्यवसायाच्या दृष्टीने त्यांना तोट्याचा आहे.

पहिली योजना श्रावणबाळ सेवा राज्य निवृत्तीवेतनाची. वय ६५ किंवा अधिक, महाराष्ट्रात १५ वर्षांचे वास्तव्य आणि कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न २१,००० रुपयांपर्यंत, अशा तिच्या मुख्य अटी आहेत. अनुदान २०२३ मध्ये महिना १,००० वरून १,५०० रुपये झाले. उत्पन्नाची मर्यादा मात्र जागची हलली नाही. २१,००० म्हणजे महिन्याला १,७५० रुपये. सातपूर-अंबडच्या कारखान्यांतून निवृत्त झालेल्या आणि ईपीएस-९५ (भविष्य निर्वाह निधीची १९९५ ची पेन्शन योजना) ची पेन्शन घेणाऱ्या माणसाचा विचार केला, तर या आकड्याची गंमत कळते. किमान १,००० रुपये पेन्शन घेणारा माणूस या मर्यादेत बसतो, २,००० घेणारा बसत नाही, आणि त्या दोघांच्या परिस्थितीत प्रत्यक्षात काडीचाही फरक नसतो. वडिलांची पेन्शन २,३०० रुपये असल्याने ती एकटीच वर्षाला २७,६०० वर जाते. त्यात वरच्या खोलीचे भाडे मिळवले की प्रश्नच मिटतो. पंचवटीत एकटी राहणारी माझी विधवा आत्या मात्र या योजनेत बसली. तिला अनुदान सुरू झाले याचा आम्हा सर्वांना आनंदच आहे, कारण तिला दुसरे उत्पन्न नाही. पण ती स्वतःचा स्वयंपाक करते आणि रोज गोदाकाठी फिरून येते, आणि वडिलांना अंथरुणावर कूस बदलायलाही माणूस लागतो, ही वस्तुस्थिती अर्जाच्या कोणत्याच रकान्यात येत नाही.

दुसरी वाट आयुष्मान वय वंदना कार्डाची. २९ ऑक्टोबर २०२४ पासून ७० वर्षांवरील प्रत्येकाला, उत्पन्न कितीही असले तरी, वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे रुग्णालयीन उपचार या कार्डावर मिळतात. वयाचा पुरावा आधार कार्डावरून धरला जातो. एका कुटुंबात सत्तरीवरील दोघे असतील तर ही रक्कम दोघांत मिळून असते. आई एकाहत्तरची असल्याने हे आम्ही नीट विचारून घेतले. खासगी विमा असला तरी कार्ड काढता येते, परंतु सीजीएचएस (केंद्रीय कर्मचाऱ्यांसाठीची) किंवा ईसीएचएस (माजी सैनिकांसाठीची) यांसारख्या सरकारी आरोग्य योजनेचा लाभ घेणाऱ्यांना दोहोंपैकी एकाची निवड करावी लागते. बोटांचे ठसे पुसट झालेल्या वृद्धांसाठी चेहऱ्यावरून ओळख पटवण्याची सोय आहे, आणि वडिलांचे कार्ड केंद्राच्या माणसाने घरी येऊन, ते पलंगावर पडलेले असतानाच, मोबाइलवर करून दिले. पुढे न्यूमोनियामुळे त्यांना अंगीकृत, म्हणजे योजनेत समाविष्ट असलेल्या, रुग्णालयात दाखल करावे लागले, तेव्हा तेथील आरोग्यमित्राकडे (योजनेच्या मदतनिसाकडे) कार्ड दिल्यावर बिलाचा प्रश्न उरला नाही. एवढी मोठी आणि एवढ्या कमी कागदांची मदत या क्षेत्रात दुसरी नाही. परंतु ती रुग्णालयात दाखल होण्यापुरती आहे. बाह्यरुग्ण तपासणीचा खर्च तीत येत नाही, आणि घरी सोडल्यानंतरची औषधे वगैरे १५ दिवसांपर्यंतच धरली जातात. ज्या आजारात सोळाव्या दिवसापासूनच खरी शुश्रूषा सुरू होते, त्याचा विचार त्या कार्डात नाही.

मुख्यमंत्री वयोश्री योजना २०२४ मध्ये सुरू झाली. ६५ वर्षांवरील आणि कौटुंबिक उत्पन्न २ लाखांच्या आत असलेल्यांना उपकरणांसाठी एकदाच ३,००० रुपये खात्यात मिळतात, आणि खरेदीची पावती ३० दिवसांत द्यावी लागते. वॉकर आणि कमोड खुर्ची घेतली की ते पैसे संपतात. हा अर्ज नासर्डी पुलाजवळच्या सामाजिक न्याय भवनात जातो. केंद्राने तो व्यवस्थित भरला, एवढेच सांगण्यासारखे आहे. ७५ वर्षांवरील ज्येष्ठांना एसटीचा प्रवास मोफत आहे हेही केंद्रातील मुलाने उत्साहाने सांगितले. वडिलांना अंगणापर्यंत जाता येत नाही, हे त्याला सांगणे मी टाळले.

दिव्यांगत्वाच्या प्रमाणपत्राबाबत केंद्राचा सल्ला उपयोगी ठरला. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातील दिव्यांगत्वाच्या २१ प्रकारांमध्ये पार्किन्सनचा समावेश आहे, त्यामुळे ऑनलाइन नोंदणी करून जिल्हा रुग्णालयात, म्हणजे सिव्हिलमध्ये, तपासणी झाल्यावर प्रमाणपत्र मिळू शकते. सिंहस्थाच्या कामांसाठी खोदलेल्या रस्त्यांवरून अशा रुग्णाला त्र्यंबक रोडपर्यंत नेणे हे स्वतंत्र दिव्य आहे, हे मात्र धरून चालावे. या आजाराच्या उपचारखर्चावर जुनी कररचना निवडणाऱ्या मुलाला किंवा मुलीला प्राप्तिकरात १ लाख रुपयांपर्यंत वजावट मिळू शकते, पण त्यासाठी चाळीस टक्के किंवा त्याहून अधिक दिव्यांगत्व आणि न्यूरॉलॉजिस्टचे विहित प्रमाणपत्र लागते. ही माहिती आम्हाला केंद्राकडून नव्हे, आमच्या कर सल्लागाराकडून मिळाली. केंद्राला ती असायला हवी होती, कारण तेथे येणाऱ्या अनेक कुटुंबांत नोकरदार मुले असतात.

या सर्व योजनांत पात्रता उत्पन्नावर, वयावर किंवा रुग्णालयात दाखल होण्यावर ठरते; माणसाला दिवसाकाठी किती मदत लागते हे मोजण्याची पद्धतच नाही. जर्मनीत १९९५ पासून आणि जपानमध्ये २००० पासून शुश्रूषेचा स्वतंत्र विमा आहे, आणि त्यात उठणे, आंघोळ, जेवण यांतले काय जमते ते पाहून मदतीची श्रेणी ठरते. अमेरिकेत गरिबांसाठी असलेले मेडिकेड नर्सिंग होमचा खर्च देते. त्यासाठी मालमत्ता आणि बहुतेक ठिकाणी मागील पाच वर्षांतील हस्तांतरणे कठोरपणे तपासली जातात, पण तेथेही शुश्रूषेची गरज आहे की नाही हे पाहिले जाते. आपल्याकडच्या या योजनांत तो प्रश्न विचारलाच जात नसल्याने, केंद्राने कितीही मन लावून अर्ज भरला तरी वडिलांसारख्या रुग्णासाठी त्याच्या हाती फारसे काही नसते. त्याचे गुण त्या कारणाने कापणे अन्यायाचे होईल.

मग पैसे कशाचे द्यायचे, तर कागदांच्या तपासणीचे. आत्याच्या आधार कार्डावर लग्नानंतरचे नाव, पासबुकावर माहेरचे आडनाव आणि रेशन कार्डावर तिसराच उच्चार होता. केंद्राने अर्ज करण्याआधी हे तिन्ही कागद जुळवून घ्यायला लावले. अनुदान आता डीबीटीने थेट खात्यात येते, त्यामुळे ज्या खात्याला आधार जोडलेले आहे तेच खाते चालू आहे ना, हे त्यांनी बँकेतून तपासून आणायला सांगितले. उत्पन्नाच्या दाखल्यासाठी स्वयंघोषणापत्र साध्या कागदावर घेतले; मुद्रांक शुल्क माफ असताना स्टॅम्प पेपर विकत घ्यायला लावणारे महाभाग याच परिसरात भेटतात, म्हणून हे मुद्दाम नोंदवावेसे वाटते. तलाठ्याकडून चौकशीसाठी फोन आला तर काय विचारतील आणि कोणते कागद दाखवायचे, हेही त्यांनी आत्याला शांतपणे समजावून दिले. अनुदान सुरू झाल्यावर दरवर्षी हयातीचा दाखला द्यावा लागतो, याची आठवण करून देणारी चिठ्ठी त्यांनी तिच्या पासबुकाला टाचून ठेवली आहे.

उणिवाही आहेत. वय वंदना कार्ड सरकारी आरोग्य केंद्रांत आणि मोबाइलवरील आयुष्मान अॅपमधून विनामूल्य निघते, हे केंद्राने आपणहून सांगितले नाही. घरी येण्याचे शुल्क रास्त आहे, पण ते कार्डाचे नसून येण्याचे आहे, हे पावतीवर लिहिलेले असावे. त्याहून गंभीर बाब म्हणजे अर्ज दाखल झाल्यानंतरचा पाठपुरावा. आत्याच्या अर्जाचे पुढे काय झाले हे विचारल्यावर प्रत्येक वेळी नव्या माणसाला नव्याने सर्व सांगावे लागत होते, आणि शेवटी आम्हीच श्रावणबाळचेही अर्ज हाताळणाऱ्या, तहसील कार्यालयातील संजय गांधी योजना शाखेत जाऊन विचारणा केली. ज्येष्ठांसाठी सकाळी ८ ते रात्री ८ या वेळेत चालणारी १४५६७ ही विनामूल्य हेल्पलाइन आहे, तिचा उल्लेखही केंद्राने केला नाही. नुसती माहिती हवी असलेल्यांनी आधी तेथे फोन करावा.

शेजारच्या एका आजोबांनी आमच्याबरोबरच मुलाकडून निर्वाहखर्च मिळण्याबाबत विचारले होते. आई-वडील व ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाहाबाबतच्या २००७ च्या कायद्यानुसार असा अर्ज प्रांताधिकाऱ्यांच्या न्यायाधिकरणाकडे करता येतो, दरमहा १०,००० रुपयांपर्यंतचा आदेश होऊ शकतो आणि तेथे वकिलाची गरज पडत नाही, हे केंद्राने त्यांना बरोबर सांगितले आणि त्या सल्ल्याचे पैसे घेतले नाहीत.

एकंदरीत, उत्पन्न कमी आहे पण कागद विस्कळीत आहेत, अशा ज्येष्ठांसाठी ही सेवा घेण्यासारखी आहे. पेन्शन किंवा भाडे मर्यादेच्या वर असेल तर पहिल्या भेटीपुरतेच पैसे खर्च करावेत. दोन्ही बाबतींत अर्ज दाखल झाल्याची तारीख आणि क्रमांक असलेली सरकारी पोच केंद्राच्या फाइलमध्ये न ठेवता मूळ स्वरूपात स्वतःकडे घ्यावी. उत्पन्नाच्या दाखल्यासारखी अधिसूचित सेवा मुदतीत मिळाली नाही, तर २०१५ च्या लोकसेवा हक्क कायद्याखाली अपील करताना तोच कागद लागतो.