आयडी प्रोटेक्शनचा प्लॅन वर्षभर वापरून झाला, ५ पैकी ३ स्टार

कंपनीचं नाव लिहीत नाही, उगाच भांडण नको. आमचं अंबड एमआयडीसीत शीट मेटलचं छोटं वर्कशॉप आहे, मला धरून १४ माणसं. मागच्या वर्षी आमचा प्रेस ऑपरेटर बाईकचं लोन काढायला गेला तर शोरूमवाल्याने हात हलवत परत पाठवला, म्हणे सिबिल खराब आहे. हा माणूस टपरीवरच्या चहाची उधारी पण रात्रभर ठेवत नाही ओ, आणि त्याच्या पॅनवर कुठल्यातरी अ‍ॅपचं ९ हजारांचं लोन, तेही थकलेलं!

मग घाबरून हा प्लॅन घेतला. माणशी १२०० रुपये वर्षाला. पॅनवर नवीन लोन किंवा कोणी केलेली चौकशी दिसली की मेसेज येतो, लीक झालेल्या डेटात आपला ईमेल किंवा नंबर सापडला तरी येतो, काही झालं तर हेल्पलाइन, आणि वर थोडा इन्शुरन्स.

आधी चांगलं सांगतो. मार्चमध्ये आमच्या अकाउंट्सच्या ताईला रात्री मेसेज आला की तुमच्या पॅनवर लोनची चौकशी झालीये, तिने केलेलीच नव्हती. सकाळी हेल्पलाइनवर फोन लावला, त्यांनी त्या लोन कंपनीला लेखी कळवायला लावलं आणि अर्ज तिथेच थांबला. त्या दिवशी वाटलं पैसे वसूल. हेल्पलाइनवरची मुलगी पण मराठीत बोलते, नीट ऐकून घेते. प्रेस ऑपरेटरची केस जुनी म्हणून प्लॅनमध्ये बसत नव्हती, तरी तिने सांगितलं की क्रेडिट ब्युरोकडे (म्हणजे सिबिलसारख्या, कर्जांचा रेकॉर्ड ठेवणाऱ्या कंपनीकडे) तक्रार टाका, ३० दिवसांत निकाल लावला नाही तर पुढे दिवसाला १०० रुपये भरपाई द्यायचा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. टाकली, २६व्या दिवशी ते लोन रिपोर्टमधून गेलं.

आता रडगाणं. देशात ब्युरो ४ आहेत, सिबिल, एक्सपेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क, आणि आमच्या प्लॅनमध्ये लक्ष फक्त एकावर! हे घेताना कोणी बोललं नाही, मी पण विचारलं नाही, चूक माझीपण. मेसेज सगळे इंग्रजीत, त्यात लिंक. आम्हीच पोरांना वर्षभर सांगतोय की लिंकवर क्लिक करू नका, मग वेल्डरने खरा मेसेजच फ्रॉड समजून डिलीट केला तर त्याला काय बोलणार. इन्शुरन्सचं म्हणाल तर एफआयआर आणा, बँकेचं पत्र आणा, छोट्या रकमेसाठी एवढी पळापळ कोण करणार.

आणि रजिस्टर करायला आधार, पॅन सगळं यांनाच द्यायचं. एकाने सरळ विचारलं, "शेठ, आमचं कर्ज तुम्हाला दिसणार का?" प्रश्न बरोबरच होता. मी लॉगिन उघडून दाखवलं, मालकाला फक्त कोणी रजिस्टर केलंय आणि किती अलर्ट आले एवढंच दिसतं, आत काय ते नाही. तरी दोघांनी नाही केलं ते नाहीच केलं.

बाकी खूप काही फुकटात होतं हे नंतर कळलं. चारही ब्युरोंकडून वर्षात एकदा पूर्ण रिपोर्ट फुकट मिळतो. संचार साथी या सरकारी साइटवर आपल्या नावावर किती सिम चालू आहेत ते दिसतं, हेल्परच्या नावावर एक भलताच नंबर निघाला, तिथूनच बंद करायला टाकला. आधारचं बायोमेट्रिक लॉक करता येतं, म्हणजे अंगठ्यावर कोणी पैसे काढायला नको (एकाने लॉक केलं आणि विसरला, रेशनला गेला तर अंगठा लागेना, बायकोच्या शिव्या मला). धंदेवाल्यांनी जीएसटीच्या साइटवर आपला पॅन टाकून बघा, आपल्या नावावर दुसरं कोणी फर्म तर काढली नाही ना. आणि फ्रॉडमध्ये पैसे गेलेच तर आधी सायबर हेल्पलाइन १९३०, बाकी फोन नंतर.

सगळ्यात लाज वाटली ती माझ्याच ड्रॉवरची. २०१७ ला सोडून गेलेल्या पोरांच्या आधारच्या झेरॉक्स, सही केलेल्या, पिशवीत तशाच पडलेल्या, आणि तिघांच्या झेरॉक्सच्या पाठीवर माझ्या अक्षरात पत्र्याचा हिशोब. अशा किती चिठ्ठ्या भंगारवाल्याकडे गेल्या असतील देव जाणे, त्याचा अलर्ट कुठला प्लॅन देणार? सगळ्या फाडून जाळल्या. आता नवीन माणसाकडून शेवटचे ४ आकडे दिसणारं मास्क्ड आधार घेतो, आणि व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर कागद टाकणं बंद.

रिन्यूअल फक्त तिघांचं केलंय, मी, अकाउंट्सची ताई आणि प्रेस ऑपरेटर, ज्यांच्या सह्या आणि पॅन सगळीकडे फिरतात. परवा सेल्सवाल्याचा परत फोन, फॅमिली पॅक घ्या म्हणतो. म्हटलं आधी मेसेज मराठीत पाठवायला लागा, मग बोलू.