दर सहा महिन्यांची सोनोग्राफी की वर्षातून एकदा एमआरआय? सिरॉसिस असलेल्या घरासाठी

खानापूरच्या मामांना दोन वर्षांपूर्वी सिरॉसिसचं, म्हणजे यकृत आतून निबर झाल्याचं, निदान झालं. दारूचा थेंब नाही, पण शुगर जुनी आणि पोट सुटलेलं. औषधं लागू पडली, पायाची सूज उतरली, आणि मग डॉक्टर म्हणाले, आता यकृतात कॅन्सरची गाठ होते का यावर नजर ठेवायची. घरात दोन तट पडले. पुण्यातल्या मुलाचं म्हणणं, वर्षातून एकदा इकडं आणा, एमआरआय करून टाकू. मामांचं म्हणणं, "बेळगावात सोनोग्राफी करूया की. खरं तेवढ्यानं भागतंय काय रे?"

हा प्रश्न बऱ्याच घरांत असणार, म्हणून लिहितोय.

आधी ही नजर कुणावर ठेवायची ते. सिरॉसिस दारूचा असो, चरबीचा असो की हिपॅटायटिसचा, ठेवायची. हिपॅटायटिस सी गोळ्यांनी बरा झाला तरी मागं सिरॉसिस उरला असेल तर सुटका नाही. बीचं आणखी वेगळं. त्यात यकृत निबर होण्याआधीही कॅन्सर होऊ शकतो, म्हणून आपल्याकडच्या पुरुषांना चाळिशीनंतर आणि बायकांना पन्नाशीनंतर तपासणी सांगतात. घरात कुणाला हा कॅन्सर झाला असेल तर त्याही आधी. ज्यांच्या रिपोर्टवर नुसतं 'फॅटी लिव्हर ग्रेड १' आलंय त्यांनी हा लेख इथंच सोडून फिरायला जावं.

सोनोग्राफीच्या बाजूनं सगळ्यात मोठा पुरावा शांघायचा आहे, २००४ साली छापून आलेला. हिपॅटायटिस बीचा संसर्ग असलेल्या किंवा होऊन गेलेल्या जवळपास १९ हजार लोकांचे दोन गट केले. एका गटाची दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी आणि एएफपीची (यकृताच्या कॅन्सरमध्ये रक्तात वाढू शकणारं प्रथिन) रक्ततपासणी, दुसऱ्याची काहीच नाही. तपासणीच्या गटात यकृताच्या कॅन्सरनं होणारे मृत्यू ३७ टक्क्यांनी कमी निघाले. त्या अभ्यासाच्या पद्धतीवर जाणकारांनी आक्षेप घेतलेत, ते खरंय. मला मात्र त्यातली दुसरीच गोष्ट महत्त्वाची वाटते: ठरलेल्या तपासण्यांपैकी ६० टक्केही पार पडल्या नव्हत्या, तरी एवढा फरक पडला.

सहाच महिने का? ही गाठ साधारण चार ते सहा महिन्यांत आकारमानानं दुप्पट होते. फ्रान्समध्ये दर तीन महिन्यांनी सोनोग्राफी करून पाहिली; बारीकसारीक ठिपके जास्त सापडले, पण माणसं जास्त जगली नाहीत. म्हणजे घाई करून उपयोग नाही, आणि वर्षभर थांबलं तर गाठीला मोकळं रान.

आता उणी बाजू. सिरॉसिस असलेल्यांत लवकरच्या टप्प्यातला कॅन्सर नुसत्या सोनोग्राफीत निम्म्याहून कमी वेळा पकडला जातो, ४५ टक्के. एएफपी जोडली की ६३ टक्के. हे २०१८ साली बरेच अभ्यास एकत्र करून काढलेले आकडे. त्यामुळे सोनोग्राफीची चिठ्ठी मिळाली आणि एएफपी लिहिलेली नसेल तर विचारा. पोट मोठं असेल तर अडचण आणखी वाढते. मामांच्या पहिल्या खेपेला मी आत होतो. उपाशी पोट, थंड जेल, डॉक्टर कूस बदलायला लावत "उसिरु हिडीरी" म्हणत होते आणि मामा श्वास धरायचा सोडून हसत होते. शेवटी डॉक्टर म्हणाले, वरचा भाग फुप्फुसाआड जातोय, नीट दिसत नाही. टाईप होऊन आलेल्या रिपोर्टमध्ये यातलं एक अक्षर नव्हतं. यकृत पूर्ण दिसलं की अर्धवट, हे रिपोर्टमध्ये लिहून मागायचं असतं ते मला तेव्हा कळलं.

एमआरआय गाठ शोधण्यात सोनोग्राफीच्या फार पुढं आहे, यात वाद नाही. कोरियात जास्त धोका असलेल्या ४०७ जणांच्या दोन्ही तपासण्या केल्या. कॅन्सर निघाले ४३. एमआरआयनं ३७ पकडले, सोनोग्राफीनं १२. पुण्याच्या मामेभावानं हेच आकडे फोनवर ऐकवले. पण त्या लोकांचा एमआरआय वर्षातून एकदा नव्हे, दर सहा महिन्यांनी होत होता! आपल्या घरातला बेत तसा नव्हता. अर्धा-पाऊण तास नळीत पडून राहायचं, दंडातून औषध टोचायचं, किडनी आणि पेसमेकरचा विचार करायचा, शिवाय खानापूर-पुणे साडेतीनशे किलोमीटरच्या वर; हे वर्षातून दोनदा कोण करणार? थोडक्यात उरकणाऱ्या एमआरआयवर संशोधन चालू आहे, ते रुळलं तर हा हिशेब बदलेल.

सीटीचं काम वेगळं आहे, खात्रीचं. यकृताला बरंचसं रक्त, पाऊण हिस्सा धरा, पोटाकडून येणाऱ्या पोर्टल शिरेतून मिळतं. कॅन्सरची गाठ मात्र धमनीतून रक्त ओढते. म्हणून औषध टोचल्यावर गाठ आधी उजळते आणि भोवतालचं यकृत उजळेपर्यंत ती फिकी पडते. सिरॉसिस असलेल्या माणसात हे चित्र स्पष्ट दिसलं तर बहुतेक वेळा सुईनं तुकडा काढायचीही गरज पडत नाही. एमआरआयमध्येही हाच खेळ. पण दर सहा महिन्यांनी सीटी म्हणजे वर्षानुवर्षं किरणं अंगावर घेणं, नजर ठेवायला मी तो निवडणार नाही.

माझा कौल असा. ज्याचं यकृत सोनोग्राफीत नीट दिसतं त्यानं जवळच्या गावात, शक्यतो एकाच डॉक्टरांकडं, सहा-सहा महिन्यांनी सोनोग्राफी आणि एएफपी करावी. ज्याचं दोन-दोनदा नीट दिसत नाही त्यानं एमआरआयचा विषय डॉक्टरांकडं काढावा, आणि तोही सहा महिन्यांच्या हिशेबानं. सिरॉसिस फारच पुढं गेला असेल आणि प्रत्यारोपण शक्य नसेल तर या नजरेचा उपयोग किती, हेही डॉक्टरांनाच स्पष्ट विचारा.

तपासणीत एक सेंटीमीटर किंवा त्याहून मोठं काही दिसलं, किंवा एएफपी २० च्या वर गेली, तर सीटी किंवा एमआरआय लगेच. त्याहून बारीक ठिपका असेल तर तीन महिन्यांनी पुन्हा सोनोग्राफी. गाठ दोन-तीन सेंटीमीटरची असताना सापडली तर जाळणं, कापणं, प्रत्यारोपण असे इलाज हातात असतात. म्हणून तर ही यातायात.

मामांची सोनोग्राफी आता मार्चमध्ये आणि सप्टेंबरमध्ये असते. दुसऱ्या वेळेला डॉक्टर बदलले नाहीत, एक कूस जास्त वळवली, आणि वरचा भागही दिसला. यंदा सप्टेंबरची तारीख गणपतीत येतेय. मामा म्हणाले, विसर्जन झाल्यावर बघूया. मामींनी कॅलेंडरवरची तारीख खोडली आणि गणपतीच्या आधीच्या सोमवारी गोल केला.