१०५ डीआय२: केबल सोडून बटणांवर आल्याला काही महिने झाले, त्याचा हिशेब

सायकलवर शिमानो कंपनीचा १०५ डीआय२ हा इलेक्ट्रॉनिक गिअरचा संच बसवला म्हटल्यावर पहिला प्रश्न ठरलेला: वेग वाढला का? नाही वाढला. पाय तेच, फुफ्फुसं तीच. बदलली ती एक सवय. पूर्वी मी पुढचा, म्हणजे पेडलपाशी असलेला, गिअर बदलायचं टाळायचो, आता टाळत नाही. ऐकायला किरकोळ वाटेल, पण माझ्या मते सगळ्या खर्चाचा निम्म्याहून जास्त मोबदला या एकाच गोष्टीत आहे, म्हणून तिथूनच सुरुवात करतो.

आधीची जुळणी अशी: ११-स्पीड मेकॅनिकल (केबलवर चालणारी, मागे अकरा गिअर), हायड्रॉलिक डिस्क ब्रेक, पुढे ५० आणि ३४ दातांच्या दोन चेनरिंग, केबल फ्रेमच्या आतून गेलेल्या. केबलवरच्या पुढच्या डिरेलरने (चेन एका चक्रावरून दुसऱ्यावर सरकवणारा भाग) चेन मोठ्या चेनरिंगवर चढवायची तर लिव्हर पूर्ण आत ढकलायची, चेन दातांवर बसेपर्यंत धरून ठेवायची, आणि मागे कॅसेटच्या (मागच्या चाकावरच्या दातेरी चक्रांच्या संचाच्या) टोकाकडे गेलं की चेन डिरेलरच्या पिंजऱ्याला घासू नये म्हणून वर आणखी ट्रिम द्यायचा, म्हणजे पिंजरा जरासा सरकवायचा. राईडच्या सुरुवातीला यात काहीच विशेष नाही. पण शेवटच्या तासात, तळहात बधिर झालेले असताना, लिव्हर ढकलायचाही कंटाळा येतो. समोर छोटासा चढ दिसतो, 'मोठ्यावरच काढू' असं म्हणत चेन तिरकी करून ५०×३० मध्ये (पुढे ५० दात, मागे ३०) दामटत राहायचं, आणि चढ संपेपर्यंत मांड्या भरून आलेल्या. अशा छोट्या छोट्या आळसांची बेरीज राईडच्या अखेरीस चांगलीच जाणवते.

डीआय२मध्ये तेच काम म्हणजे बटणावर एक टिचकी. चढवताना पिंजरा गरजेपेक्षा थोडा पुढे जातो, चेन वर आली की मागे येऊन जागेवर बसतो. दर वेळी तसाच, त्याच अंतराने. ट्रिमची भानगडही आपल्याकडे राहत नाही. रस्ता शांत असेल तर हे ऐकू येतं: मागे दोन-तीन गिअर बदलले की पुढून एक बारीकसं 'झ्झ' येतं. कुणी काही दाबलेलं नसतं, पिंजरा स्वतःहून जरासा सरकलेला असतो. सुरुवातीला मी दर वेळी खाली बघायचो. आता लक्षही जात नाही.

याच्या जोडीला सेमी-सिंक्रो शिफ्ट आहे, आणि ते चालू केल्याशिवाय हा संच वापरू नये असं मी सरळ म्हणेन. पुढचा गिअर बदलला की मागचा डिरेलर आपोआप काही पायऱ्या उलट दिशेला सरकतो, म्हणजे कॅडेन्स (पेडल फिरवायची लय) तुटत नाही. आकड्यांत बघू. माझी कॅसेट ११-३४ आहे. समजा ५०×२४ वर चढतो आहे, पुढच्या-मागच्या दातांचं गुणोत्तर २.०८. चढ वाढतोय म्हणून पुढे ३४ वर उतरलो, तर थेट १.४२. पाय एकदम हवेत फिरल्यासारखे होतात, वेग पडतो. जवळपास पूर्वीचाच जोर हवा असेल तर मागे तीन पायऱ्या खाली, १७ वर यावं लागतं. तिथे गुणोत्तर २.०० होतं. मी फोनवरच्या शिमानोच्या ई-ट्यूब ॲपमध्ये दोन पायऱ्या ठेवल्या आहेत. मग ३४×१९ मिळतो, १.७९. चढासाठी खरोखरच हलका, पण लय न मोडणारा. मेकॅनिकलवर हे सगळं दोन्ही हातांनी, एकाच क्षणी, अंदाजाने करावं लागायचं. जमायचंही, पण दमल्यावर नाही.

फुल सिंक्रो मात्र मी बंद केलं. त्यात फक्त मागचे गिअर आपण बदलायचे, पुढचा कधी बदलायचा ते यंत्रणा ठरवते. सपाटीवर ठीक आहे. उभं राहून चढ काढताना पुढची चेन अनपेक्षितपणे खाली उतरते तेव्हा मात्र चीड येते. सायकल कॉम्प्युटरवर आधी इशारा मिळतो, पण त्या क्षणी स्क्रीनकडे बघतो कोण? काहींना हा प्रकार आवडतो, मला नाही आवडला.

मागच्या गिअरबद्दल फार लिहिण्यासारखं नाही, कारण नवीन केबल टाकलेला चांगला मेकॅनिकल संचही मागे उत्तमच चालतो. फरक दिसतो तो काही महिन्यांनी. केबल हळूहळू घाण धरते, हाउसिंगमध्ये (केबलवरच्या नळीत) घर्षण वाढतं, फ्रेमच्या आत तीव्र वळणं असतील तर आणखी लवकर. गिअर आज थोडा रेंगाळतो, उद्या एक चुकतो. आपण केबलचा ताण बदलायचा बॅरल ॲडजस्टर पाव फेरी फिरवतो आणि वेळ मारून नेतो. इथे तो क्रमच नाही. बसवताना जसं ॲडजस्ट केलं होतं तसंच आजही चालतंय, सायकल एकदा आडवी झाली तो प्रसंग सोडला तर मी मधल्या काळात त्याला हात लावलेला नाही. बटण दाबून धरलं की एकामागून एक गिअर पडत जातात. उतार संपून लगेच चढ लागतो तिथे ते फार कामी येतं. एका दाबात किती गिअर पडावेत आणि किती वेगाने, हे ॲपमध्ये ठरवता येतं.

आता बटणं. प्रत्येक लिव्हरवर दोन, एकमेकांना चिकटून. उघड्या बोटांना कळतात, पूर्ण बोटांच्या जाड हातमोज्यांतून अंदाज घ्यावा लागतो. मेकॅनिकल लिव्हरचा तो ठसठशीत 'खट्ट' इथे नाही, एक हलकी क्लिक आहे, खडबडीत रस्त्यावर तीही हरवते. म्हणजे गिअर पडला की नाही हे हाताला नाही, पायाला कळतं. सवय होते, पण ज्यांना त्या खट्टची मजा वाटते त्यांना ती इथे मिळणार नाही हे आधीच सांगतो. शिवाय शिमानोच्याच वरच्या ड्युरा-एस आणि अल्टेग्रा संचांच्या लिव्हरवर हूडच्या (हात टेकायच्या रबरी भागाच्या) डोक्यावर जे लपलेलं जादा बटण असतं, ते १०५ वर नाही. जास्तीचे स्विच जोडायची सोयही नाही. स्प्रिंट करणाऱ्याला किंवा एरोबार (पुढे वाकून धरायचे जादा दांडे) लावणाऱ्याला हे खटकेल. माझं काही अडलं नाही.

बॅटरीबद्दल लोकांना नको इतकी धास्ती असते. मुख्य बॅटरी सीटपोस्टच्या आत. तिथून एक वायर पुढच्या डिरेलरला, एक मागच्याला. लिव्हरपासून डिरेलरपर्यंतचा संदेश वायरलेस, म्हणून लिव्हरमध्ये सीआर१६३२ चे बटण सेल. हे सेल वर्षानुवर्षं चालतात. मुख्य बॅटरीचं म्हणाल तर एका चार्जला साधारण १००० किमी असा कंपनीचा आकडा आहे. पुढचा डिरेलर जास्त वापरला की तो खाली येतो, कारण जड काम त्याच्याकडेच असतं. मी दर काही आठवड्यांनी चार्ज करतो, दिवे पूर्ण लाल व्हायची वाट बघत नाही. आणि बॅटरी संपत आली तरी सगळं एका फटक्यात बंद पडत नाही: आधी पुढचा डिरेलर थांबतो, मागचा चालत राहतो, अगदी शेवटी तोही आहे त्या गिअरवर थांबतो. म्हणजे पुढचा डिरेलर हलेनासा झाला की घरची वाट धरायची.

खरी अडचण चार्जिंगच्या जागेची आहे. बॅटरी सहज काढता येत नाही आणि चार्जिंगचं तोंड मागच्या डिरेलरवर आहे, म्हणजे सायकलच प्लगपाशी न्यायची. वर केबल या संचाचीच लागते, फोनची चालत नाही. प्रवासाला निघताना ती विसरली तर मुक्कामी उसनी मिळेल या भरवशावर राहू नका.

बसवण्याविषयी, कारण अपग्रेडचं बजेट इथेच फसतं. दोन्ही लिव्हर, दोन्ही डिरेलर, बॅटरी, वायर, १२-स्पीड कॅसेट आणि चेन हे तर आलंच. लिव्हर बदलल्या म्हणजे ब्रेकची हायड्रॉलिक लाइनही उघडावी लागते, पुन्हा तेल भरून हवा काढावी लागते. अर्ध्या दिवसाचं काम आहे, ते धरूनच चाला. चाक मात्र वाचलं: शिमानोच्या ११-स्पीड रोड फ्रीहबवर (चाकाच्या ज्या भागावर कॅसेट चढते तो) ही १२-स्पीड कॅसेट बसते. आधीच्या ११-स्पीड डीआय२ च्या वायर कुणाकडे पडून असतील तर त्यांचा उपयोग नाही, नव्या पिढीचे कनेक्टर वेगळे आहेत. आणि सीटपोस्टच्या आत बॅटरी धरायला जागा आहे का ते भाग मागवण्याआधी बघा. एरो आकाराच्या काही पोस्टमध्ये वेगळा होल्डर लागतो. पुढचा डिरेलर बसवताना घाई नको. उंची आणि कोन जरा चुकला तर मोटर आपली ताकद लावून चुकीच्या जागी इमानेइतबारे चेन ढकलत राहते.

तीच गोष्ट हँगरची, म्हणजे मागचा डिरेलर फ्रेमला ज्या पट्टीने अडकवलेला असतो तिची. एकदा टेकवून ठेवलेली सायकल वाऱ्याने उजव्या बाजूला आडवी झाली. उचलल्यावर मागचे गिअर ढिम्म. धडक बसली की मोटर आणि डिरेलरच्या हातांमधला दुवा मुद्दाम सुटतो, म्हणजे आतलं काही तुटू नये. डिरेलरवरचं बटण बराच वेळ दाबून धरून पेडल फिरवलं की पुन्हा जुळतो. तसा तो जुळलाही. पण कॅसेटच्या मोठ्या चक्रांवर चेन टिकटिक करायला लागली. ॲडजस्ट मोडमध्ये जाऊन बारीक पायऱ्यांनी डिरेलर इकडेतिकडे करून पाहिला. एका टोकाला ठीक होतं, दुसऱ्या टोकाला बिघडतं. अशी लक्षणं दिसली की बटणं दाबत बसू नका, हँगर वाकलेला असतो. गेज लावून सरळ केला आणि सगळं पूर्ववत झालं. वाकलेल्या पत्र्यावर सॉफ्टवेअरचा इलाज चालत नाही.

फर्मवेअरचं, म्हणजे संचाच्या आतल्या सॉफ्टवेअरचं, एक सांगायला हवं. २०२४ मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी दाखवून दिलं की या वायरलेस शिफ्टिंगचा संदेश रेकॉर्ड करून नंतर पुन्हा सोडला तर दुसऱ्याच्या सायकलचा गिअर बदलता येतो. शिमानोने त्यावर अपडेट काढलं. रविवारी राईडला जाणाऱ्याचे गिअर पळवायला कोण कशाला बसतंय, पण अपडेट फुकट आहे, करून टाका. त्यासाठी तेच ई-ट्यूब ॲप लागतं. फोन मागच्या डिरेलरजवळ धरून शांतपणे होऊ द्यायचं, ऐन राईडला निघायच्या वेळी नाही.

हे तंत्र काही कालचं नाही. माव्हिकने १९९० च्या दशकातच झॅप आणि मग १९९९ मध्ये मेक्ट्रॉनिक आणून पाहिलं होतं, पण ते टिकलं नाही. शिमानोची ड्युरा-एस डीआय२ २००९ ची, कँपाग्नोलोची ईपीएस २०११ ची. १०५ पर्यंत ते झिरपायला २०२२ उजाडलं. मी थांबलो त्याचं कारण हेच: वरच्या पातळीवरच्या संचांत वजन कमी असतं, शिफ्टिंगच्या गुणात मला काही मोठा फरक जाणवला नाही. वजनासाठी म्हणून १०५ डीआय२ घेऊ नका, त्या बाबतीत काही हाती लागत नाही.

मग कुणी घ्यावं? आधीचे गिअर अडखळतात म्हणून घेणार असाल तर थांबा. आधी केबल आणि हाउसिंग बदला, हँगर तपासा, झिजलेली चेन काढा. निम्म्या लोकांची तक्रार तिथेच मिटेल. १२-स्पीडच हवं असेल तर २०२३ पासून १०५ मेकॅनिकलमध्येही आहे. चेन, कॅसेट झिजायच्या तशाच झिजतात, त्यात इलेक्ट्रॉनिकचा काही दिलासा नाही. पण लांब राईड करत असाल, रस्ता सतत चढ-उताराचा असेल, पुढे दोन चेनरिंग ठेवायच्या असतील, किंवा अंगठ्याचं-मनगटाचं दुखणं असेल, तर हा बदल रोज जाणवेल. एक चेनरिंगवाल्यांना मी इतक्या आग्रहाने सांगणार नाही, कारण मला सगळ्यात जास्त मिळालं ते पुढच्या डिरेलरमधूनच.

आणि ज्यांना सायकल प्लगपर्यंत नेणं शक्यच नाही, जिने आहेत किंवा पार्किंगला वीज नाही, त्यांनी स्रॅम या दुसऱ्या कंपनीचा रायव्हल ईटॅप बघावा. त्यात फ्रेममधून वायरच नाही, प्रत्येक डिरेलरवर स्वतःची छोटी बॅटरी असते, ती काढून घरात नेता येते, आणि मागची संपली तर पुढची काढून मागे लावता येते. फक्त त्याच्या १० दातांपासून सुरू होणाऱ्या कॅसेटला एक्सडीआर प्रकारचा वेगळा फ्रीहब लागतो, तेवढं चाकावर बसतं का ते आधी विचारून घ्या.