दिवेआगर एका दिवसात: सेल्फ ड्राइव्ह घ्यायची की ड्रायव्हरवाली गाडी?

भाच्याचं चाललंय, पुण्याहून पहाटे निघून दिवेआगर करून रात्री परत, गाडी स्वतः चालवू की ड्रायव्हरसकट घेऊ. अंतर येऊन-जाऊन सव्वातीनशे किमीच्या आसपास, मधे ताम्हिणी घाट.

पैसे: ड्रायव्हरवाल्या गाडीला बहुतेक ठिकाणी दिवसाला २५० किंवा ३०० किमीचं मिनिमम लावतात, वर ड्रायव्हरचा भत्ता आणि रात्री उशीर झाला तर त्याचे वेगळे. सेल्फ ड्राइव्ह ॲपवर स्वस्त दिसते पण पेट्रोल आपलं, डिपॉझिट अडकतं, किमी लिमिट संपली की पुढे दर किमीला पैसे आणि गाडीवर ओरखडा निघाला तर वाद घालत बसा. म्हणून घेतानाच चारी बाजूंनी व्हिडिओ काढा, टायरसुद्धा. नंबरप्लेट काळी आणि अक्षरं पिवळी आहेत ना तेही बघा, पांढऱ्या प्लेटची खाजगी गाडी कोणी भाड्याने देत असेल तर नकोच.

दमणूक: खरा प्रश्न हाच आहे. जाताना मजा येते हो, पण समुद्रात डुंबून, दुपारी मोदक-सोलकढीचं जेवण चापून संध्याकाळी घाट चढायचा, त्यात पावसाळा असेल तर धुकं.

मोकळीक: इथे सेल्फ ड्राइव्ह जिंकते, वाटलं तर श्रीवर्धनला वळा, कोणाला विचारायला नको. फक्त गाडी वाळूत घालू नका, रुतली की ट्रॅक्टर शोधा, आणि भाड्याच्या करारात असल्या नुकसानीची जबाबदारी सहसा आपल्यावरच असते.

घाटात चालवायची सवय असलेले दोघंजण असतील तर सेल्फ ड्राइव्ह. आई-बाबा, लहान मुलं सोबत असतील किंवा चालवणारा एकटाच, तर ड्रायव्हरवाली.