बेळगावात गेम रायटिंगचा कोर्स: लॅबसाठी घ्या, लेक्चरसाठी नको

बेळगावातल्या एका कॉलेजात (नाव घालत नाही, इथं सगळे सगळ्यांना ओळखतात) व्हिडिओ गेमसाठी कथा लिहायचा सर्टिफिकेट कोर्स चालतो. टिळकवाडीत त्याचं पोस्टर लागल्यापासून कझिन लोक, शेजारी, कोण कोण विचारूलालेत, म्हणून एकदाच सगळं लिहून टाकते.

थिअरी आधी, कारण तिच्यात सांगण्यासारखं कमीच आहे. अर्धा सिलॅबस म्हणजे सिनेमाचा स्क्रीनप्ले, तीन अंक, हिरोचा प्रवास वगैरे, मॅडम स्लाईड वाचणार आणि आपण नोट्स झेरॉक्सला देणार. अहो पण गेम खेळणारा काय खुर्चीत गप बसलेला नसतो, तुम्ही जीव ओतून रडवणारा सीन लिहिलाय आणि तो तिकडं कोपऱ्यातली मडकी फोडत बसलाय, मग करायचं काय, ह्यावर त्या स्लाईडमध्ये एक ओळ नाही. 'राजी' दाखवला तेवढा तास बरा गेला. पुण्याच्या नॉडिंग हेड्सचा 2020 चा गेम. त्यात दुर्गा आणि विष्णू बोलत असतात, राजी भिंतीवरच्या चित्रांसमोरून जाते आणि पुराणातली गोष्ट आपल्याला कळत जाते, भाषण असं कुणी ठोकत नाही.

आता लॅब. ह्याच्यासाठी पैसे वसूल. गेस्ट म्हणून येणारे सर स्वतः गेममध्ये काम केलेले आहेत आणि पहिल्याच दिवशी ट्वाईन, म्हणजे पर्याय निवडत पुढं जायच्या गोष्टी बनवायचं सॉफ्टवेअर, उघडून बसवतात. फुकट आहे, 2009 पासून आहे, ब्राउझरमध्ये चालतं, एकेक प्रसंग म्हणजे एकेक चौकोन आणि लिंक टाकली की बाण आपोआप पडतो. मी खानापूर स्टँडवर शेवटची बस चुकलेल्या पोरीची गोष्ट घेतली. प्रत्येक ठिकाणी दोन पर्याय द्यायचे ठरवलं की गणित बघा, दहाव्या पर्यायापर्यंत 1024 शेवट होतात, ते कोण लिहिणार मर्दा? सरांनी शिकवलं की फाटे फुटू द्यायचे पण थोड्या वेळात परत एका प्रसंगाला आणून मिळवायचे, आणि मधे काय घडलं ते गेमनं लक्षात ठेवायचं. कंडक्टरला कुंदा (आपली बेळगावची मिठाई) दिला का नाही, एवढं एक व्हेरिएबल, म्हणजे गेमनं ठेवलेली नोंद. पुढं बस सगळ्यांनाच मिळते, पण दिला असेल तर तो म्हणतो "बस की गं, घाबरूलालीस कशाला", नसेल तर "सुट्टे हाईत?" एवढंच. दोनच ओळी वेगळ्या, पण खेळणाऱ्याला वाटतं सगळी गोष्टच आपल्यामुळं बदलली.

दुसरं म्हणजे बार्क. जवळून गेलं की गेममधली माणसं जे एकेक वाक्य बोलतात ना, ते. मला कुंद्याचा दुकानदार आला होता. "या की, आत या." पास. "परत आलाय? घरात आवडला म्हणा की." हे आधी खरेदी केली असेल तरच वाजणार, पास. "आमचं दुकान लई जुनं, आज्ज्यानं काढलेलं, तवापासून आमी..." ह्याच्यावर सरांनी सरळ रेघ मारली, चौथ्यांदा कानावर पडलं की माणूस आवाज बंद करतो म्हणाले. वाईट वाटलं पण पटलं.

प्लेटेस्टही खरा घेतात. समोरचा खेळणार आणि लिहिणाऱ्यानं तोंड उघडायचं नाही. गोकाकची मैत्रीण माझा गेम खेळूलाली होती, मला सगळ्यात आवडलेला परिच्छेद तिनं न वाचता क्लिक करून टाकला, आणि मी मागं उभी, हूं का चूं करायची सोय नाही.

तक्रार एक मोठी आहे. मराठीत किंवा कन्नडात लिहा म्हणून प्रोत्साहन देतात, छान, पण ट्वाईनमधनं उचलून युनिटीत (गेम बनवायचं सॉफ्टवेअर, ह्यालाच इंजिन म्हणतात) नेलं की टेक्स्टमेशप्रोमध्ये, म्हणजे त्यातल्या अक्षरं दाखवायच्या भागात, जोडाक्षरं फुटतात, पहिली वेलांटी भलत्याच जागी जाऊन बसते, आणि लॅब असिस्टंट म्हणतो फॉन्ट बदला. फॉन्टनं काय होत नाही हो, अक्षरं जुळवायचं काम इंजिनचं असतं. गोडो 4 ह्या दुसऱ्या इंजिनमध्ये ते नीट होतं, तेही फुकटच आहे, पण सिलॅबसमध्ये नाही. इंकसुद्धा शेवटी घाईत उरकलं. '80 डेज' हा गेम ज्यात लिहिलाय ती स्क्रिप्टिंगची भाषा, इंकल कंपनीनं 2016 मध्ये सगळ्यांना खुली केली, स्टुडिओत कामाला लागायचं तर ट्वाईनपेक्षा हीच जास्त उपयोगी.

प्लेसमेंटचं जे पोस्टरवर आहे त्यावर जाऊ नका, काम शोधायला पुणे नाहीतर बेंगळुरूच गाठावं लागणार, आणि तिथं सर्टिफिकेटपेक्षा खेळता येईल असा एक छोटा गेम दाखवलेला बरा. फी एका बऱ्यापैकी मोबाईलएवढी आहे. आधी घरी बसून ट्वाईनमध्ये एक गोष्ट पुरी करा, मधेच कंटाळा आला तर पैसे वाचले. पुरी झाली तर मात्र जावा, आणि फी भरायच्या आधी ऑफिसात विचारा की लॅबला तेच सर आहेत का, कारण दुसऱ्या बॅचला दुसरेच कोण तरी आलेत आणि तिथंही स्लाईडच चालू आहेत म्हणे. निपाणी-चिकोडीकडून येणाऱ्यांनी शनिवारची बॅच घ्या, संध्याकाळची सुटायला उशीर होतो.

लॅबला साडेचार स्टार, थिअरीला दीड.