रुब्रिक की मार्किंग गाइड? मूडलवर मी शेवटी काय ठेवलं

मूडल या ऑनलाइन वर्ग चालवण्याच्या प्रणालीवर असाइनमेंट लावताना ‘ग्रेडिंग मेथड’पाशी, म्हणजे गुण कसे द्यायचे ते निवडण्यापाशी, येऊन अडलेल्यांसाठी हे लिहितोय. नुसता आकडा टाकून मोकळं व्हायचं नाही, मुलांना आपलं काय चुकलं ते कळलं पाहिजे, इथपर्यंत तुमचं ठरलेलं आहे असं धरतो. प्रश्न पुढचा आहे : रुब्रिक घ्यायचं, म्हणजे प्रत्येक निकषाच्या ठरलेल्या पायऱ्या आणि त्यांचे गुण मांडलेला तक्ता, की मार्किंग गाइड, म्हणजे निकषापुढे आपण गुण आणि शेरा लिहायचा ती पद्धत? मूडलमध्ये रुब्रिक २०११ च्या अखेरीस २.२ आवृत्तीत आलं आणि मार्किंग गाइड लगेच पुढच्या, २.३ मध्ये. म्हणजे दोन्ही जुनी आहेत, मुरलेली आहेत. मी उपयोजित मराठीच्या ऑनलाइन वर्गाला बातमीलेखन शिकवतो आणि दोन्ही वापरून झाली आहेत.

आधी रुब्रिकचं कौतुक. तपासायला त्याच्याइतकं सुटसुटीत काही नाही. चौकटीवर क्लिक, पुढची चौकट, पुढचं पोरगं. दोघं-तिघं मिळून एकच गठ्ठा तपासत असाल तर ‘तुमचा हात सैल, आमचा आखडता’ ही तक्रारही बरीच कमी होते. मुलांना लिहिण्याआधीच रुब्रिक दिसेल अशी सोय आहे, ती जरूर चालू ठेवा. गुण दिल्यावर दाखवलेल्या निकषांचा मुलांना काय उपयोग? एक खाच मात्र लक्षात ठेवा. सगळ्यात खालची पायरी ० ठेवा. मी पहिल्यांदा चार निकष घेतले आणि प्रत्येकाला १ ते ४ अशा पायऱ्या दिल्या. १६ पैकी १० मिळवलेल्या मुलीला ६२.५ टक्के मिळायला हवे होते, मूडलने ५० दाखवले. तळाचे ४ गुण ते १० आणि १६ या दोन्हींतून वजा करून हिशेब करत होतं, म्हणजे १२ पैकी ६. नियमाने ते बरोबरच असेल, पण त्या मुलीला समजावताना माझी पुरेवाट झाली.

तरीही रुब्रिक सोडलं ते यामुळे नाही. सोडलं ते ग्रामसभेमुळे.

एका ग्रामसभेचं इतिवृत्त देऊन त्यावरून दीडशे शब्दांची बातमी करायला सांगितली होती. इतिवृत्तात स्वागत, मागील सभेचं वाचन वगैरे झाल्यावर पाचवा ठराव टँकरच्या मागणीचा होता. बातमी अर्थातच तीच. इंट्रोच्या, म्हणजे बातमीच्या सुरुवातीच्या, निकषात मी लिहिलं होतं : सहाही ककार (कोण, काय, कधी वगैरे ‘क’चे प्रश्न) आले तर ३, चार-पाच आले तर २, आणि असंच खाली. एका मुलाने सुरुवात केली, ‘दीपप्रज्वलन व प्रतिमापूजनाने ग्रामसभेस प्रारंभ झाला.’ पुढच्या दोन वाक्यांत कोण, काय, कधी, कुठे, का, कसे सगळं शिस्तीत भरलेलं. टँकर शेवटच्या परिच्छेदात. एका मुलीने पहिल्याच वाक्यात दोन्ही विहिरी आटल्याचं आणि ठराव एकमताने मंजूर झाल्याचं सांगून टाकलं होतं, फक्त गावाचं नाव राहिलं. माझ्याच रुब्रिकनुसार दीपप्रज्वलनाला ३ आणि टँकरला २.

चूक रुब्रिकची नव्हे, निकष लिहिणाऱ्याची, असं कुणी म्हणेल. मान्य. म्हणून मी चौकटीतला मजकूर सुधारला, ‘महत्त्वाचं आधी’ हेही घातलं. रुब्रिक वापरात आल्यावर असा बदल केला की आधी तपासलेल्यांचे गुण पुन्हा पाहायचे का, असं मूडल विचारतं. प्रामाणिक उत्तर ‘हो’ असतं आणि मग रविवार जातो. एवढं करूनही पुढच्या वेळी दोन पायऱ्यांच्या मधे पडणारी मुलं निघालीच. मग मधे आणखी एक पायरी घातली. तिच्यात लिहू काय? ‘बरं’ आणि ‘बऱ्यापैकी’ यांतला फरक मलाच सांगता येईना, तर मुलाला काय सांगणार! आणि एवढा रुंद झालेला तक्ता फोनवर आडवा सरकवत बघायचा. माझी बहुतेक मुलं फोनवरच असतात. ‘सर, एक मार्क कुठे गेला?’ या मेसेजचं उत्तर चौकटीत होतंच : ‘चार ते पाच ककार आले आहेत.’ ते वाचून कुणाला काय कळणार?

मार्किंग गाइडमध्ये पायऱ्याच नाहीत. निकष, त्याचे कमाल गुण, विद्यार्थ्यासाठी एक वर्णन आणि तपासणाऱ्यासाठी वेगळं वर्णन. विद्यार्थ्याच्या बाजूला मी आता एकच वाक्य ठेवतो : ‘वाचणारा पहिल्या वाक्यानंतर थांबला तरी त्याला बातमी कळली पाहिजे.’ १० पैकी ७ द्या, ८ द्या, आणि खाली शेरा लिहा. तिथे लिहावंच लागतं, कारण बोट दाखवायला तयार चौकट नसते. मला वाटतं मुलं शिकतात ती त्या दोन ओळींतून.

वेळ जास्त जातो हे कबूल. रात्री अकरानंतर माझा हात आखडतो हेही कबूल. म्हणून पहिले दहा पेपर शेवटी पुन्हा उघडून बघतो. नेहमीचे शेरे साठवून एका क्लिकमध्ये टाकायची सोय गाइडमध्ये आहे, पण ती जपून वापरा. एकदा दोन मैत्रिणींनी व्हॉट्सॅपवर शेरे ताडून पाहिले आणि स्वल्पविरामासकट एकच निघाले. तेव्हापासून साठवलेल्या शेऱ्यापुढे त्या मुलाच्या मजकुरातले दोन शब्द तरी घालतो.

तुमच्याकडे शे-दीडशे मुलं आणि तपासणारे तीन असतील तर मी रुब्रिकला नाही म्हणणार नाही. मुलांनी एकमेकांचं तपासायचं असेल, म्हणजे मूडलचं ‘वर्कशॉप’, तर तिथे रुब्रिकची सोय आहे, मार्किंग गाइडची नाही. आणि नवख्या तपासणाऱ्याला पायऱ्यांचा आधारही लागतो. पण तीस-चाळीस मुलांचा वर्ग असेल, लेखनाचं काम असेल आणि तोच मजकूर सुधारून पुन्हा मागवणार असाल, तर एक सत्र गाइड लावून बघा.

दीपप्रज्वलनवाल्याला मी पुढे गाइडमधून शेरा दिला होता : ‘तुझ्या गावात पाणी नाही हे आईला फोनवर सांगताना समईपासून सुरुवात करशील का?’ दुसऱ्या खर्ड्यात टँकर पहिल्या ओळीत आला. प्रतिमापूजन मात्र त्याने सोडलं नाही, शेवटी ठेवलं.