बेळगावच्या टिळकवाडीतला सीईटी क्लास : शिकवणं झकास, घाई फार

धाकटी बहीण यंदा पीयूसीच्या दुसऱ्या वर्षाला, म्हणजे कर्नाटकातल्या बारावीला, सायन्सला होती. गाव खानापूर तालुक्यात, दहावीपर्यंत मराठी माध्यम. क्लासचं नाव मुद्दाम घालत नाही, शिकवण्याबद्दल तक्रार नाही म्हणून.

शिकवणं खरंच चांगलं. फिजिक्सचे सर गणित इंग्रजीत वाचतात आणि पोरांची तोंडं बघून मराठीत, नाहीतर कन्नडात फोड करून सांगतात. रविवारची टेस्ट हुबेहूब केसीईटीसारखी, म्हणजे कर्नाटकच्या सीईटीसारखी : एका विषयाला 60 प्रश्न, 80 मिनिटं, उत्तराचे गोल रंगवायची ओएमआर शीट. वेळ संपली की गोल अर्धा रंगवलेला असला तरी शीट ओढून घेतात. एवढ्यासाठीच चार स्टार.

एक स्टार कापला तो जानेवारीसाठी. प्रवेश घेतानाच सगळ्यांना एकच सांगतात, "जेईई मेन जानेवारीत द्यायचीच, एप्रिलात परत चान्स आहेच की!" दोन्हींतला चांगला स्कोअर धरतात, हे खरं. पण कर्नाटकात इंजिनिअरिंगचा रँक निम्मा सीईटीवर आणि निम्मा पीयूसीच्या फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्सच्या मार्कांवर ठरतो, हे काउंटरवर कोण सांगतं? ज्यांना एनआयटीसारख्या केंद्राच्या इंजिनिअरिंग कॉलेजांत जायचंय त्यांनी जानेवारीत जरूर बसावं. ज्यांचं लक्ष बेळगाव-हुबळीतल्या कॉलेजांवर आहे, त्यांचा डिसेंबर कशाला घालवायचा? हिच्या बॅचला इंटिग्रेशन अर्धवट असताना जेईईचे पेपर सोडवायला बसवलं आणि प्रॅक्टिकलची जर्नलं तशीच पडून राहिली.

शिवाय हाताला वळण लागतं ते वेगळंच. जेईईत चुकलं की एक मार्क कापतात, म्हणून पोरं खात्री नसलेला प्रश्न सोडायला शिकतात. केसीईटीत मार्क कापतच नाहीत, तिथं गोल रिकामा ठेवणं म्हणजे शुद्ध नुकसान. मार्चमधल्या एका टेस्टमध्ये हिच्या शीटवर केमिस्ट्रीची एक अख्खी ओळ कोरी होती. सरांनी सगळ्यांसमोर शीट वर धरली आणि म्हणाले, "हे कुणाला दान केलंस गं?" त्यानंतर एक गोल सोडला नाही तिनं.

मेडिकलवाल्यांना हा प्रश्नच नाही, नीट वर्षातून एकदाच.

महाराष्ट्राच्या सीईटीबद्दल, एमएचटी-सीईटीबद्दल, मात्र क्लासमध्ये आनंदीआनंदच आहे. सीमाभागातल्या मराठी मातृभाषेच्या मुलांसाठी महाराष्ट्रात इंजिनिअरिंगच्या प्रवेशाला 'टाइप ई' म्हणून वेगळी सोय आहे, हे तिथल्या मॅडमना आम्हीच सांगितलं. ती परीक्षा कॉम्प्युटरवर, एप्रिल-मेमध्ये, म्हणजे केसीईटीच्या तयारीवरच बरंचसं निभतं. कोल्हापूरला जाऊन यायचा तेवढा त्रास. जानेवारीच्या जेईईपेक्षा आमच्याकडच्या पोरांना हीच दुसरी परीक्षा जास्त कामाची, असं माझं मत.

फक्त केसीईटीची बॅचही आहे, फी बरीच कमी. आपण होऊन सांगत नाहीत, विचारावं लागतं. फी दोन हप्त्यांत घेतात, पावती तिथल्या तिथं मागून घ्या.